ग्रॅमकाकांचे तीन हजार शेअर

"दादा, तुला एकेचाळीस हजार कर बसतोय," धाकटी बहीण म्हणाली आणि तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

ग्रॅमकाकांचा चेहरा खुलला. "बसू दे की. भरून टाकू."

"हसतोस काय? इथे येणारा प्रत्येक जण कराचा आकडा ऐकला की छातीला हात लावतो."

"कमावलं म्हणूनच बसला ना कर? मग त्यात रडायचं काय!"

बहीण लोकांची करविवरणपत्रं भरून द्यायची. ड्रायक्लीनरच्या दुकानावर तिची एक खोली होती. खालून इस्त्रीची वाफ आणि ओल्या लोकरीचा वास वर यायचा. कराचं वर्ष गुरुवारी संपत होतं, आज मंगळवार, आणि बाहेरच्या बाकावर चार माणसं आपापले कागद मांडीवर घेऊन बसली होती. पण सख्ख्या भावाला तिनं आधी आत घेतलं होतं.

ग्रॅमकाका वजनकाट्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. एका ग्रॅमचा फरक निघाला तरी काटा परत पाठवायचे, म्हणून कारखान्यानं त्यांना हे नाव ठेवलं. पुढे ते घरापर्यंत आलं. शेजारची मुलंही ग्रॅमकाकाच म्हणायची. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात घरातल्या माणसांना नकोसे झाले. डाळ किती शिजली, नळ किती उघडा राहिला, सगळ्यात त्यांचं लक्ष. मग त्यांनी फोनवर शेअर घ्यायला-विकायला सुरुवात केली आणि बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. रोज बाजार उघडायच्या आधी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसत, अगदी कामावर निघाल्यासारखे. फायद्यात सौदा झाला की निळ्या शाईनं वहीत लिहीत. ती तीन वर्षं अशी होती की जे घ्यावं ते बहुतेक वर जायचं. त्यात बाजाराची चाल किती आणि आपली अक्कल किती, हे कुणाला वेगळं काढता येत नव्हतं. ग्रॅमकाकांनी ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

"वर्षभरात तू त्रेसष्ट वेळा विकलंस," बहीण म्हणाली. "एकदाही तोट्यात नाही. दोन लाख पाच हजार नफा."

"बघ!"

"बघितलं. आता तू हे बघ." तिनं खालचा तक्ता दाखवला. "वर गेलं की तू लगेच विकतोस. पडलं की ठेवून देतोस. मग विकलेल्यात तोटा दिसणार कसा? तुझ्याच कारखान्याचे तीन हजार शेअर आहेत. सरासरी दोनशे बारानं घेतलेस. आज भाव किती?"

ग्रॅमकाकांना भाव पाठ होता. त्यांनी लॅपटॉप परत तिच्याकडे वळवला.

"अडतीस," बहीणच म्हणाली. "सव्वापाच लाखांच्या आसपास खड्डा आहे दादा. म्हणजे एकीकडे तू बुडतोयस आणि दुसरीकडे कमावलं म्हणून कर भरायला निघालायस."

"विकलं नाही तोवर तोटा नाही."

"हे तुझं म्हणणं. आणि कर खात्याचंही तेच म्हणणं, म्हणून तर कर लावतंय! परवा बाजार बंद व्हायच्या आत ते विकून टाक. तो तोटा या नफ्यातून वजा होईल, कर शून्य. उरलेला तोटा पुढच्या वर्षांतल्या नफ्यातूनही वजा करता येतो."

"नाही विकणार."

"का? काटे चांगले आहेत म्हणून?"

"आहेतच चांगले."

"मग कंपनी का बुडतेय?"

याचं उत्तर ग्रॅमकाकांना माहीत होतं. बाहेरून निम्म्या किमतीत काटे येऊ लागले होते, नव्या मालकानं कर्ज काढून नको तिथे जमीन घेतली होती, आणि त्यांच्या जागी नेमलेला तपासनीस वर्षभरात सोडून गेला होता. तरी ते म्हणाले, "दिवस वाईट आहेत. फिरतील."

बहिणीनं डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. लहानपणापासून ती या माणसाला ओळखत होती. "दादा, खरं सांग. काय अडतंय?"

ग्रॅमकाकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "माझ्या निरोपाच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं, आपल्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवा म्हणून. नवा डिजिटल काटा येणार होता. मी स्वतः तपासला होता तो. माझ्या शब्दावर अकरा जणांनी घेतले. वेल्डरनं तर निवृत्तीच्या पैशातले दीड लाख घातले."

"मग?"

"मग भाव पडायला लागला. त्यांचे फोन यायचे. मी म्हणायचो, थांबा. आणि नुसतं तोंडानं कसं म्हणायचं, म्हणून दर वेळी मीही थोडे घ्यायचो. असे तीन हजार झाले." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आता मी गुपचूप विकून मोकळा झालो तर ती चोरी झाली गं."

"मग सांगून विक."

"सांगायचं म्हणजे तीन वर्षं मी चुकीचं सांगत होतो, हे सांगायचं."

बहिणीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. "परवा दुपारपर्यंत," ती एवढंच म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बुधवारी सकाळी ग्रॅमकाकांनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि बाहेर पडले. बायको बघतच राहिली. "बाजार बंद आहे का आज?"

"चालू आहे. मी जाऊन येतो."

अकरा जणांपैकी आधी वेल्डरकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं, कारण त्यालाच सांगणं सगळ्यात जड होतं. निवृत्तीनंतर वेल्डर एका इस्पितळाच्या वाहनतळावर बसायला लागला होता. गाडी आली की चिठ्ठी फाडायची, गेली की दांडी वर करायची. त्याची नोकरी ग्रॅमकाकांना माहीत होती, पण इतक्या दिवसांत ते तिथे कधी गेले नव्हते. त्याला तिथे बसावं लागतंय ते आपल्यामुळे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वेल्डरचा फोन यायचा तेवढा पुरे, असं ते स्वतःला समजावत आले होते.

पत्र्याच्या खोपटात वेल्डर डबा उघडून बसला होता. ग्रॅमकाकांना बघून तो चटकन उठला. "अरे ग्रॅम! इस्पितळात कोण आहे? वहिनी ठीक आहेत ना?"

"सगळे ठीक आहेत. तुझ्याकडेच आलोय."

वेल्डरनं एकुलती खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसला. ग्रॅमकाका रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी ऐन वेळी दगा देऊन गेली.

"मी आपल्या कंपनीचे शेअर विकतोय," ते म्हणाले. "उद्या. सगळेच्या सगळे. तुला आधी सांगायला आलो. तूही विक. जे मिळतंय ते घे. मी तुला थांब म्हणत होतो ते चुकलं माझं. पहिल्याच वर्षी मला दिसलं होतं की हे काही खरं नाही. पण कबूल करवलं नाही."

एक गाडी आली. वेल्डरनं चिठ्ठी फाडून दिली, दांडी वर केली, खाली केली आणि परत येऊन बादलीवर बसला.

"ग्रॅम," तो म्हणाला, "रागावणार नसशील तर एक सांगू?"

"बोल."

"मी माझे कधीच विकले."

"कधी?"

"झालं की दीड वर्ष. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा. एकशेनव्वदचा भाव मिळाला. थोडं गेलं, पण फार नाही."

ग्रॅमकाकांना नीट ऐकू आलं नाही की काय, असं वाटलं. "आणि बाकीचे?"

"पेंटरनं माझ्याही आधी. कँटीनवाल्यानं घर घेताना. स्टोअरवाला गेल्या वर्षापर्यंत होता, मग तोही बाहेर पडला." वेल्डरनं बोटांवर मोजलं आणि हात खाली ठेवला. "आता कुणाकडेच नाहीत रे. तुझ्याकडेच असतील."

"मला कुणी बोललं नाही."

"तुला वाईट वाटलं असतं. तू इतक्या विश्वासानं सांगायचास."

"पण तू दर महिन्याला फोन करून विचारायचास! आपल्या काट्याचं काय म्हणतंय, आपल्या काट्याचं काय म्हणतंय... शेअर नव्हते तर कशाला विचारत होतास?"

वेल्डरनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं. "नाहीतर काय बोलायचं आपण?" तो म्हणाला. "तुझं तसं फोनवर फार बोलणं नसतं. हे विचारलं की तू अर्धा तास बोलायचास. बरं वाटायचं."

ग्रॅमकाकांना हसू आलं. तीन वर्षं ज्यांच्यासाठी त्यांनी किल्ला लढवला होता, ती माणसं कधीच घरी जाऊन जेवत होती. आपल्यापायी कुणी बुडालं नाही, म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि पडलाही. पण आपल्या 'थांबा'वर कुणीही थांबलेलं नव्हतं, हेही त्याच क्षणी कळलं होतं.

"तू चहा घेशील?" वेल्डरनं विचारलं.

"घेईन."

वेल्डर चहा आणायला गेला तेवढ्यात दोन गाड्या आल्या. ग्रॅमकाकांनी उठून चिठ्ठ्या फाडल्या. दांडी जरा जड होती.

गुरुवारी शेअर विकायला त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. घेणारेच नव्हते. अडतीसच्या भावानं चारशे गेले, मग सगळं थंड. त्यांनी भाव साडेसदतीस केला, तेव्हा सहाशे गेले. मग सदतीस. बायको दोनदा येऊन जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा ताट तिथेच आणून ठेवलं आणि शेजारी बसली. कितीचा तोटा, हे त्यांनी तिला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. तिनं तो आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला होता. मग फक्त म्हणाली होती, "मला वाटलं होतं, तुम्ही रोज जिंकताय."

बाजार बंद व्हायला वीस मिनिटं असताना हजारेक शेअर उरले होते. त्यांनी भाव छत्तीस केला आणि कुणीतरी सगळेच्या सगळे एकदम उचलले. फोन किणकिणला. ग्रॅमकाका पडद्याकडे बघत राहिले. हे घेणारा कोण, हे कळायची सोय नव्हती. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी टेबलाशी बसून कुणाला तरी आज वाटलं असेल की इतकं स्वस्त पुन्हा मिळणार नाही. त्याला गाठून चार गोष्टी सांगाव्यात असं त्यांना फार वाटलं. पण त्याचं नाव तिथे नव्हतं, आणि यांचं नाव त्याच्याकडे नव्हतं.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"मग जेवा. गार झालंय, गरम करून आणते."

विवरणपत्रावर सही करायला ते पुन्हा बहिणीच्या खोलीवर गेले ते दोन महिन्यांनी. या वेळी त्यांनी रांग मोडली नाही. बाकावर तिघांच्या मागे बसले आणि आपली पाळी आल्यावर आत गेले.

"कर शून्य," बहीण म्हणाली. "तीन लाखांवर तोटा पुढे ओढलाय. पुढच्या काही वर्षांत नफा झाला तर त्यातून वजा करून देतील."

"म्हणजे मी पुन्हा कमवीन, असं सरकारला वाटतंय?"

"सरकारला काही वाटत नाही, दादा. फॉर्ममध्ये रकाना आहे."

दोघंही हसले. ती कळफलकावर भराभर बोटं चालवत होती. मधेच थांबली. "व्यवसायात काय लिहू? मागच्या वर्षी तू गुंतवणूकदार लिहायला लावलं होतंस."

ग्रॅमकाकांनी थोडा विचार केला. "लिही, निवृत्त तपासनीस, वजनकाटे."

तिनं टाइप केलं आणि मान हलवली. "एवढं बसत नाहीये. शेवटची अक्षरं कापली जातायत."

"मग नुसतं निवृत्त लिही."

"तपासनीस ठेवू का? निवृत्त काढते."

"नको. निवृत्त आहे, तेच लिही."

तिनं लिहिलं. कागद छापून आले, अजून गरम होते. ग्रॅमकाकांनी प्रत्येक पान वरपासून खालपर्यंत वाचलं, तीन ठिकाणी सह्या केल्या आणि पेनाचं टोपण लावून ते खिशात ठेवलं. दारात पुढचा माणूस कागद छातीशी धरून उभा होता. ग्रॅमकाका उठले, आपली खुर्ची त्याच्यासाठी टेबलासमोर नीट सरळ केली, आणि जिना उतरू लागले.