हंबीरराव एंटरप्रायझेस
संयोगिताबाई मंगळवारी बोलत नसत. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी अंबाबाईपुढं हे मौन धरलं होतं, सकाळच्या अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत. मिरची कांडायला येणाऱ्या बायकाही त्या दिवशी खुणेनंच काय ते विचारत.

हंबीररावांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच या धाकट्या दिरानं नव्या पाटीच्या उद्घाटनाला मंगळवार धरला होता.

पडदा सरकला. लाल पाटीवर सोनेरी अक्षरं, 'हंबीरराव एंटरप्रायझेस'. शेजारी फेट्यातला त्यांचाच फोटो. पूजेचं ताट घेऊन पुढं निघालेल्या बाई जागीच थांबल्या. काल संध्याकाळपर्यंत तिथं 'संयोगिता मिरची कांडप' होतं.

"आई, काकांनी जुनी पाटी भंगारात घातली गं," त्यांची लेक अनुजा कानाशी पुटपुटली.

प्रमुख पाहुणे यज्ञेश्वर सर उठले. गारगोटीला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, शब्द उलगडून सांगायची भारी हौस. "एंटरप्राइज म्हणजे नुसता धंदा नव्हे," ते म्हणाले. "धाडसानं अंगावर घेतलेलं मोठं काम. पुढं काय होईल ठाऊक नसताना टाकलेलं पाऊल. इंग्रजीत माणसाच्या अंगच्या गुणालाही हाच शब्द लावतात. ज्याच्यात उमेद आहे, हिंमत आहे, त्याच्यात एंटरप्राइज आहे म्हणतात. ते आज मला हंबीररावांत दिसतंय!"

टाळ्या पडल्या. हंबीररावांनी फेटा सावरला.

बाईंची कानशिलं तापली. पाटल्या मोडून मिरची कांडायचं पहिलं यंत्र, पहिला डंक आणला, तेव्हा हेच भावजी दारात उभे राहून ओरडले होते, "नवरा मेलेल्या बाईनं रस्त्यावर डंक घालायचा? घराण्याचं नाक कापाय लागलाय काय!" त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी या गल्लीत गाडी घातली नव्हती. चटणीची पाकिटं पुण्या-मुंबईला जायला लागली, तेव्हा मात्र "वहिनी, बाहेरचं मी बघतो" म्हणत खुर्ची टाकून बसले.

"वहिनी काय बोलायच्या न्हाईत," हंबीरराव माईकवर हसले. "आज त्यांचं मौन हाय. न्हायतर त्यांनीबी माझं कौतुकच केलं असतं की!"

बाईंनी ताट अनुजाच्या हाती दिलं.

"भावजी."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. तरी अख्खा मांडव त्यांच्याकडं वळला.

"वहिनी, मौन!" हंबीरराव दचकले. "देवीचं व्रत मोडतंय!"

"देवीला मी जाब देईन. आधी तुम्ही मला द्या. सर म्हणाले ते धाडस तुम्ही कवा केलं?"

"अवो, घरचंच हाय की सगळं. तुझं-माझं कशाला चारचौघांत?"

"घरचं हाय, मग माझी पाटी भंगारात कशी गेली?"

हंबीररावांनी घाईघाईनं माईक बंद केला.

बाई आत गेल्या. बटण दाबलं, उखळात वाळकी मिरची ओतली. डंक धाडधाड पडू लागला आणि तिखटाचा लोट दारातून बाहेर सुटला. खुर्च्या उलटल्या. पाहुणे शिंकत, खोकत पळाले. सर डोळ्यांना रुमाल लावून रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. हंबीरराव ठसक्यानं दुमडले, फेटा सुटून गळ्यात आला.

"बंद करा वहिनी! जीव जातोय की!"

"पाटी उतरवा," बाई आतून म्हणाल्या. त्यांना साधी शिंकही आली नव्हती.

अनुजानं तोंडाला पदर लावून शिडी आणली आणि काकांच्या पुढ्यात भिंतीला टेकवली. हंबीररावांनी वर पाहिलं, मागं पाहिलं. मग डोळे पुसत त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बाईंनी उखळात आणखी एक ओंजळ मिरची टाकली.