बटणांखाली लपवलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यातली बिस्किटं संपली तेव्हा कामठा गावच्या ओमेश्वरीनं मला शिवणकामासाठी ठेवून घेतलं. बटणं, हूक, रिळं सारं माझ्यात असे. ब्लाऊज शिवायला आलेल्या बायका माझं कौतुक करत आणि मी मनातून फुगत असे.

एका वर्षी काहीच कारण नसताना ओमेश्वरीचं मन कशात लागेना. झोप गेली. कापड कापता कापता हात थांबे. माहेरी जाते असं सांगून ती गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी उदासीवरची गोळी दिली. "गुण यायला काही आठवडे लागतील. मनानं बंद करू नका," असं बजावलं. घरी येऊन तिनं ती पाकिटं माझ्या तळाशी, बटणांखाली लपवली. झाकण उघडण्याआधी ती दाराकडे बघे. तिची लाज मलाही लागली.

हळूहळू तिला बरं वाटू लागलं. पण एका दुपारी सासू सावित्रीबाई बटण शोधायला आल्या आणि त्यांच्या हाताला ते पाकीट लागलं. शेजारीणही बसलेली होती.

"हे कायची गोळी होय?"

ओमेश्वरीनं खालच्या आवाजात खरं सांगितलं.

"आपल्या घरात आजवर कोणी पागल नाही झालं," सासूबाई म्हणाल्या.

ओमेश्वरीची मान खाली गेली. त्या दिवसापासून तिनं गोळी घेतली नाही. गोळी अशी एकदम सोडल्यानं थोड्याच दिवसांत तिला चक्कर येऊ लागली, डोक्यात झटके बसल्यासारखं होई. शेतातून आलेल्या तिलकला, तिच्या नवऱ्याला, ती मशीनवर डोकं ठेवून रडताना दिसली.

"काय होऊन रायलं तुले?"

तिनं सगळं सांगितलं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटे."

तिलकनं तिला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "माही बीपीची गोळी त मी चारचौघांसमोर घेतो."

त्यानं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली. "थांबवायची वेळ आली की मी सांगीन. तेव्हाही हळूहळूच कमी करू," त्या म्हणाल्या. पाकिटं आता माझ्यात नाही, दोघांच्या खोलीतल्या उंच फळीवर राहू लागली.

काही महिन्यांनी घरात कोणी नाही असं पाहून सावित्रीबाईंनी माझं झाकण उघडलं. गोळ्या अजून माझ्यातच असतील या समजानं बोटं बटणं उपसत होती. तेवढ्यात ओमेश्वरी आत आली. सासूबाईंनी वर पाहिलंच नाही.

"मलेही झोप नाही लागत. कायीच गोड नाही वाटत. तुह्या गोळ्यांतली एक दे. कोणाले सांगू नको."

ओमेश्वरी जवळ बसली. "माही गोळी तुमाले नाही चालत, आई. तुमाले काय लागते ते डॉक्टरीणबाई सांगतील. उद्या दोघी जाऊ."

"लोक पाहतील."

"पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या बसनं गेल्या.

मित्रांनो, औषध लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पण आपल्या माणसांपासून लपवू नका.