हुशार आहे, पण लक्ष देत नाही

मी शिक्का. लाकडी मुठीचा, खाली रबर चिकटवलेला, प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात उमटणारा. मला एकच वाक्य येतं आणि ते तुम्ही वर वाचलंच आहे. आज जरा जास्त बोलणार आहे, कारण हल्ली मला दुसरा उद्योग नाही.

माझा जन्म मनगटदुखीतून झाला. गणिताचे सर बऱ्याच वर्गांना शिकवत. वर्ष संपत आलं की प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे त्यांच्यापुढे येऊन पडत आणि प्रत्येक मुलाच्या गणितापुढे काहीतरी शेरा लिहावा लागे. सर सगळ्यांना एकच वाक्य लिहीत. लिहून लिहून मनगट धरलं, तेव्हा ते शिक्के करून देणाऱ्याच्या दुकानात गेले.

"एवढंच? अजून एक ओळ आरामात बसेल," दुकानदार म्हणाला.

"एक पुरते. कुणालाही लागू पडते."

दुकानदाराने मला कागदावर उमटवून पाहिलं आणि त्याला हसूच फुटलं. "अहो, आमच्या मास्तरांनीही माझ्या पुस्तकात हेच लिहिलं होतं!"

सरांना मुलं मागून 'लघुकोन' म्हणतात, कारण ते कमरेतून पुढे झुकून चालतात. माणूस वाईट नाही. कुणावर हात उगारला नाही, तास कधी बुडवला नाही. फळ्यावर हाताने वर्तुळ काढतात ते असं गोल, की नवीन मुलं आ वासून बघत राहतात. फक्त त्यांचं तोंड फळ्याकडे असतं. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, म्हणजे माझंही तोंड फळ्याकडेच.

माझं वाक्य फार सोयीचं होतं, हे मान्य करायला हवं. आईबाप 'हुशार आहे' वाचून खूश होत आणि 'लक्ष देत नाही' वाचून मुलाकडे डोळे वटारून बघत. शाळेला कुणी काही विचारत नसे. बाकीच्या शिक्षकांच्याही हे ध्यानात आलं. इतिहासाच्या बाई मला उसना नेत, विज्ञानाचे सर न विचारता नेत. काही पुस्तकांत मी गणितापुढे, इतिहासापुढे, विज्ञानापुढे असा ओळीने उभा असे. घरी पोरांची काय गत होई ते मला ठाऊक नव्हतं. माझं काम कागदापुरतं.

मग शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणू लागले, खरं तर त्या दिसायला अगदी बारीक. वार्षिक परीक्षा झाली, पेपर तपासून झाले आणि त्यांनी शिक्षकांना स्टाफरूममध्ये बोलावलं. मी टेबलावर शाईच्या गादीशेजारी होतो. त्यांनी मला उचललं, उलटा करून वाचलं आणि परत ठेवलं.

"यंदा शिक्का नको," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापल्या विषयापुढे दोन वाक्यं लिहायची. एक, हे मूल काय करताना तुम्ही स्वतः पाहिलंत ते. दुसरं, आता घरच्यांनी काय करावं ते. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या पुस्तकात चाललं, तर ते पुन्हा लिहायचं."

खोलीत जी कुजबुज सुरू झाली, ती चहा येईपर्यंत थांबली नाही.

"माझं काय घ्या," खेळाचे सर म्हणाले. "पोरगा धावतो. पहिलं वाक्य, 'धावतो'. दुसरं काय लिहू? 'अजून धाव'?"

"कसा धावतो ते लिहा की," भाषेच्या बाई म्हणाल्या.

खेळाचे सर डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "एक आहे खरा. कोण मागून येतंय ते बघायला मान वळवतो आणि तिथेच हरतो. हे चालेल?"

"धावेल!" बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. लघुकोन सर हसले नाहीत. ते पेन उघडून बसले होते.

मोठ्या बाईंची तपासायची रीत निराळी होती. त्या पुस्तक उघडत, मुलाच्या नावावर तळहात ठेवत आणि शिक्षकाने लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवत. "सांगा, कोण हे?" शिक्षकाला सांगता आलं तर पुस्तक पुढे सरके. नाहीतर परत. भाषेच्या बाईंची बहुतेक पुस्तकं पुढे सरकली. खेळाच्या सरांचीही बरीच सरकली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

लघुकोन सरांची पाळी आली. बाईंनी एक पुस्तक उघडलं, हात ठेवला आणि वाचलं, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." सरांनी मला वापरलं नव्हतं. माझंच वाक्य हाताने लिहिलं होतं.

"कोण हे?"

सरांनी एका मुलाचं नाव घेतलं. बाईंनी हात उचलला. ती मुलगी होती. तिची धाकटी बहीण एक वर्ग मागे शिकत होती, म्हणून शाळेत हिला सगळे थोरलीच म्हणत.

"ही कुठे बसते, सर?"

"मधल्या रांगेत. बहुतेक."

"ही बाकी सगळ्या विषयांत पास आहे, फक्त गणितात नापास. हिला पुढच्या वर्गात घ्यायची की इथेच ठेवायची, हे मला तुमच्या शेऱ्यावरून ठरवायचंय. इथेच ठेवली तर धाकटी मागून येऊन हिच्या शेजारी बसेल. दोघी बहिणी एका बाकावर." बाईंनी पुस्तक मिटून सरांच्या हातात दिलं. "या वाक्यावरून मी काय ठरवू?"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला सवयीने खिशात टाकून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा मुलं चित्रं काढत होती. परीक्षा उरकल्या होत्या, सुट्टी लागायला अजून अवकाश होता. सरांनी फळ्यावर गणितं लिहिली.

"परीक्षा झाल्यावर गणितं? सर, हे काय हो!"

"सोडवा. मार्क नाहीत."

आणि सर खाली उतरून बाकांमधून फिरू लागले. वर्ग एकदम गप्प झाला. लघुकोन सर फळा सोडून इकडे कुठे आले, हे कुणालाच कळेना. मलाही वर्ग समोरून दिसत होता. अर्धी मुलं सरांना बिचकून बघत होती आणि सर मुलांना.

थोरली मधल्या रांगेत नव्हती. खिडकीजवळ, मागून दुसऱ्या बाकावर होती. सर तिच्यामागे उभे राहून पुढे वाकले, तेव्हा मी खिशातून पडता पडता राहिलो. तिने गणित सोडवलं. झटपट सोडवलं, उत्तरही बरोबर. मग तिने शेजारणीच्या वहीत डोकावून पाहिलं, रबर उचललं, आपलं उत्तर खोडलं आणि शेजारणीचं लिहिलं. ते चूक होतं.

दुसरं गणित. तेच. बरोबर लिहिलं, डोकावली, खोडलं.

"का खोडलंस?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

ती दचकून उभी राहिली. "तिचं वेगळं आलंय, सर."

"मग? तुझं बरोबर असेल."

"नाही सर. मी लक्ष देत नाही."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात लिहिलंय की. दरवर्षी असतं."

माझं वाक्य मी एखाद्या मुलाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तेही पुरतं नव्हतं. 'हुशार आहे' तिने गाळलं होतं. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि तास संपेपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. मी ज्या खिशात होतो तिथे सरांचं काळीज धडधडत होतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

त्याच दुपारी ते मोठ्या बाईंकडे गेले. "थोरलीची फेरपरीक्षा घ्यायची आहे. आज तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिली, तिला पेपर येत होता. खोडाखोड करून तिने तो घालवला आणि मी उत्तरपत्रिका तपासताना ती खोडाखोड पाहिली नाही. नुसतं शेवटचं उत्तर बघितलं."

"घ्या," बाई म्हणाल्या. "पण सोपा पेपर काढू नका. तिला तुमची दया नको आहे."

फेरपरीक्षा स्टाफरूमच्या टेबलावर झाली. शेजारी कुणी नाही, पेन्सिल नाही, रबर नाही. सरांनी आपलं पेन तिला दिलं. बिचारीचा हात दर गणितानंतर टेबलावर रबर चाचपडत असे.

"सर, हे चुकलंय वाटतं. फाडू का कागद?"

"फाडायचं नाही. राहू दे. पुढचं कर."

"पण चुकलं असेल तर?"

"तर चुकलं. मीही चुकतो."

तिने सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी काही भलतंच सांगितलं. मग खाली मान घालून लिहू लागली. दोन गणितं खरंच चुकली. पण ती पास झाली, आणि सोप्या पेपरावर नाही.

सरांनी तिच्या पुस्तकातलं आधीचं वाक्य रेघ मारून खोडलं आणि नवा शेरा लिहायला घेतला. कितीतरी कागद कच्चे लिहून टाकून दिले. शेवटी जे उतरलं ते असं: 'गणित पहिल्यांदा मांडते तेव्हा बहुतेक वेळा बरोबर मांडते, मग शेजारी बघून खोडते. घरी तिला पेनने गणितं करू द्यावीत आणि उत्तर कसं काढलं ते तिच्याकडून ऐकावं.' सर हे स्वतःशी वाचत होते, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून भाषेच्या बाई म्हणाल्या, "अहो, ही तर आपली थोरली! निबंधातही हेच करते बघा." मोठ्या बाईंना नावावर हात ठेवायची गरज पडली नाही.

निकालाच्या दिवशी थोरलीची आई आली. ती बसमध्ये कंडक्टर आहे, कामावरून तशीच गणवेशात आलेली. मुलगी पाठीमागे. आईने पुस्तक उघडलं, पास आहे हे पाहिलं आणि हुश्श केलं. मग एकेक शेरा बोटाने वाचत ती गणितापाशी थांबली. तिथे तिने दोनदा वाचलं. खांद्यावरच्या पिशवीतून, लागली तर असावीत म्हणून सकाळीच बरोबर घेतलेली मागच्या वर्षांची पुस्तकं काढली आणि सरांपुढे मांडली. प्रत्येकात गणितापुढे मी होतो. निळा, ठसठशीत, जरा तिरका.

"सर, यंदा म्हणता, पहिलं उत्तर बरोबर असतं. मग हे काय होतं?"

सरांनी प्रत्येकातल्या शेऱ्यावरून नजर फिरवली.

"यावरून मी तिला किती बोललेय. दोन-चारदा मारलंय पण. लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. धाकटीच्या समोर. आता सांगा, मी चुकले का?"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"मग यांच्यावरही लिहून द्या. मला नको, तिला हवंय. ती ही पुस्तकं काढून काढून वाचत बसते."

जुन्या पुस्तकात लिहायची पद्धत नाही. सरांनी शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? पेन आहे ना?"

सरांनी पहिलं पुस्तक जवळ ओढलं आणि माझ्या वाक्याखाली लिहिलं: 'हे मी तिला न पाहता लिहिलं होतं.' खाली सही केली. दुसऱ्यात तेच लिहिलं, तिसऱ्यातही तेच. कुणीही घाई केली नाही. मी टेबलावरच होतो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता मी सरांच्या खणात असतो, सुट्या खडूंच्या तुकड्यांत. रबर कडक झालंय, शाईची गादी वाळली. तक्रार नाही. एका वाक्यावर मी पुष्कळ जगलो. तुमच्या घरात कुठल्या कपाटात माझं वाक्य मारलेलं पुस्तक असेल, तर ज्याचं आहे त्याला एकदा सांगा, की ते वाक्य शिक्क्याचं आहे. शिक्क्याने ते मूल कधी पाहिलंच नव्हतं. खुद्द शिक्काच बोलतोय, म्हणजे तुम्हाला खात्रीचं सांगतोय.

थोरलीचं मात्र सांगायचं राहिलं. सरांची सही वाळेपर्यंत ती टेबलाशी उभी होती. मग तिने माझ्या वाक्यातल्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"सर, हे 'हुशार आहे' पण न पाहताच लिहिलं होतं?"

आईने तिला गप्प करायला हात पुढे केला, पण सरांनी तिला नको म्हणून मान हलवली.

"हो बाळ, तेही न पाहताच," सर म्हणाले. "पण आता पाहिलंय. ते खरं आहे."