पंधरा मीटर जास्त

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचे खांब किती खोल रोवायचे, यावरून त्यांची रचना करणारी इंजिनिअर म्हणून तिने साहेबांशी चांगलीच हुज्जत घातली होती. "भूकंपात समुद्रतळाची वरची वाळू पाण्यासारखी पातळ होते, तिच्यावर भरवसा कसला?" असं म्हणत तिने प्रत्येक खांब पंधरा मीटरनं वाढवून खालच्या घट्ट थरात उतरवला. "फारच घाबरट बुवा ही!" असं म्हणत साहेबांनी सही केली.

सहा वर्षांनी भर दुपारी जमीन हादरली. प्लॅटफॉर्मवर चाळीस माणसं होती आणि त्यांत क्रेन चालवणारा तिचा धाकटा भाऊ. अर्धा तास फोन लागेना; ऑफिसात साहेबांसकट सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. तिचा जीव टांगणीला लागला.

शेवटी त्याचाच फोन आला. "ताई, खालची वाळू अगदी उकळल्यासारखी वर आली, पाणी गढूळ झालंय. पण आम्ही जागच्या जागी! फक्त सूपचं पातेलं लवंडलं. आचारी तुझ्यावर जाम चिडलाय."

"माझ्यावर? का रे?"

"म्हणतो, एवढं केलं तर पातेल्यालाही दोन खांब ठोकायचे होते!"

ती खो खो हसली, हसताहसता रडली. फोन स्पीकरवर होता. पहिली टाळी साहेबांनीच वाजवली.