मेजरचा फ्लेक्स

अण्णांच्या दहाव्याला नेवाशाच्या घाटावर पोचले आणि फ्लेक्स बघून माझं डोकंच फिरलं. धाकट्या भावानं, रविराजनं, मंडपाच्या तोंडाशी दहा फुटी लावला होता. 'मेजर अजिनाथअण्णा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' हिरवा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश, मागे रणगाडा. डोकं मात्र रविराजच्याच लग्नातल्या फोटोतलं, कपाळावरचा कुंकवाचा टिळा तसाच ठेवून चिकटवलेलं.

माझे वडील मेजर नव्हते. लष्करातच नव्हते. पंधरा वर्षं नौदलात होते, तीही जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये. मग घरी आले आणि साखर कारखान्यात इंजिनिअर झाले. बंदूक कधी चालवली असेल तर ती ट्रेनिंगमध्ये. त्यांचं हत्यार एकच, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं. घरात मिक्सरही असाच तपासायचे. मी तापानं फणफणले होते तेव्हा तोच माझ्या पाठीला टेकवला आणि मी हसेपर्यंत काढला नाही.

आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर. भटारखान्यात पोळ्या लाटल्या असल्या तरी एसटीतून उतरला की मेजर. लोकांचं एक वेळ सोडा, पण पोटच्या पोरानंही हेच छापावं? आता भाषणं होणार, पुढारी त्यांना सीमेवर लढवणार, आणि खरे अण्णा कुणाच्या लक्षातही राहणार नाहीत. मला ते सहन होईना. मी रविराजला फ्लेक्स उतरव म्हणाले. तो म्हणाला, सगळं गाव त्यांना मेजरच म्हणायचं, आजच्या दिवशी कशाला वाद घालतेस?

कीर्तन सुरू झालं. मी बसले, उठले, नदीपर्यंत जाऊन आले, परत बसले. कुणी हातात चहा दिला, तो तसाच गार झाला. शेवटी स्वयंपाकाच्या सामानातला विळा उचलला आणि फ्लेक्सच्या दोरीपाशी गेले.

तिथे सहादेवकाका उभे होते. कारखान्यात अण्णांच्या हाताखाली फिटर होते. त्यांनी दोरीवर हात ठेवला. मी म्हणाले, "काका, तुम्हाला तरी ठाऊक आहे ना ते कोण होते?"

"ठाऊक हाय. समद्या वर्कशॉपाला ठाऊक हुतं. ज्ञानू, चौथीत पंधरा ऑगस्टला भाषन केल्तंस. आठवतं का?"

आठवलं. तुझे बाबा नुसते बोटीत कोळसा टाकायचे, असं म्हणून वर्गातल्या पोरी हसल्या होत्या. मग मी भाषणात ठोकून दिलं होतं, माझे वडील मेजर आहेत आणि ते सीमेवर लढले. पुढच्या सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी अण्णांना झेंड्याला बोलावलं. ते कडक इस्त्री करून आले, सलामी दिली, शब्दानंही काही बोलले नाहीत. आपलं भाषण त्यांना कळलंच नाही, असं समजून मी ते विसरूनही गेले होते.

"मास्तरांचं बोलावनं आलं तवा साहेबांनी आमाला गोळा केलं," काका म्हणाले. "म्हनले, पोरगी शाळेत मला मेजर सांगून आलीय. ती खोटी पडता कामा न्हाई. उद्यापास्नं मला मेजरच म्हना. गावानं ते आमच्याकडनंच उचललं."

मी विळा खाली ठेवला.

भाषणं सुरू झाली होती. एका पुढाऱ्यानं अण्णांना बर्फात लढवलं. मग माझं नाव पुकारलं, मेजरांची कन्या ज्ञानेश्वरी. मला जहाज सांगायचं होतं, इंजिनरूम सांगायची होती, तो स्क्रूड्रायव्हर सांगायचा होता.

"अण्णांना मेजर मी केलं," मी माईकवर म्हणाले. "खोटं बोलून केलं. आणि त्यांनी ते जन्मभर निभावलं."

मी माईक परत दिला. मंडपातल्या मागच्या रांगेत कारखान्याची म्हातारी माणसं बसली होती, ती एकेक करून उभी राहिली.