कुलाब्याची ओहोटी

शालिग्राम अलिबागेला मिठाच्या खात्यात कारकून होता. वऱ्हाडातल्या वरवट बकालच्या शेषरावांचा एकुलता एक मुलगा. कार्तिकात त्याचं पत्र आलं. सवड काढून या, कुलाब्याचा किल्ला, आंग्र्यांच्या समाध्या, कनकेश्वर, सगळं दाखवतो. पंधरा दिवसांनी तार आली. विषमज्वरानं तो गेला होता.

शेषराव आणि सत्यभामाबाई दुसऱ्या दिवशी निघाले. शेगावपर्यंत बैलगाडी, मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे बोट. शालिग्रामसोबत खोलीत राहणाऱ्या दत्ताराम पाटकरनं अग्नी दिला होता, अस्थी राखून ठेवल्या होत्या. दोघांनी त्या समुद्रात सोडल्या. सत्यभामाबाईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पाणी होतं. बाकी काही वाटलं नाही.

परतीची बोट दोन दिवसांनी होती. खोलीत बसून बसून संध्याकाळ झाली, तेव्हा पाटकर चाचरत म्हणाला, "काका, तो तुम्हाला किल्ला दाखवणार होता. उद्या पहाटे ओहोटी आहे. चालत जाता येईल."

"चाला," शेषराव म्हणाले. जेवा म्हटलं तरी ते असंच म्हणत होते.

सकाळी ओल्या वाळूतून तिघं किल्ल्यात गेले. पाटकरनं तोफा दाखवल्या, बुरूज दाखवले. दोघं मान हलवत राहिले. गणपतीचं देऊळ आलं, पण सुतक होतं. दोघं बाहेर तळ्याच्या पायरीवर बसले. सत्यभामाबाई ओंजळभर पाणी प्यायली.

"गोड हाय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पाटकर तटावरून घाईनं आला. "काका, भरती लागली. आत्ता निघायला हवं."

शेषराव उठले नाहीत.

"उठा ना हो," सत्यभामाबाई म्हणाली. त्यांचा दंड धरून ओढला. मग तीही खाली बसली. वाट पाण्याखाली गेली. पाटकरनं पुजाऱ्याकडून पोहे आणले, ते दोघांनी खाल्ले. ऊन पायरीवरून सरकत गेलं.

दुपार कलल्यावर शेषरावांनी विचारलं, "थो इथं येत होता काय?"

"दर रविवारी. याच पायरीवर बसायचा."

"एकटाच?"

"कधी मी असायचो. गावच्या गोष्टी सांगायचा. तुमच्या विहिरीच्या."

शेषरावांनी मान हलवली. सूर्य खाली आला तशी वाळू उघडी पडली. "चाल," ते बायकोला म्हणाले आणि उठले.

दहावा गावी झाला. कापूस वेचताना शेजारची मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "समुद्र कसा असते वं?"

"मोठा असते."

"अन् काय पाह्यलं?"

"किल्ला पाह्यला." सत्यभामाबाई बोंडं वेचत राहिली. "समाध्या राह्यल्या. कनकेश्वरबी राह्यला."

दोघींनी ओटीतला कापूस शेताच्या कडेला धुऱ्यावर नेऊन टाकला आणि कपाशीच्या पुढच्या ओळीला लागल्या.