जाड कव्हर

भाजीबाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणत. पहाटेच्या लिलावात बोली पुकारायचं काम त्यांचं, आणि आवाज असा खडा की फाटकाबाहेरचा हमालसुद्धा मान वळवून बघायचा. तीस वर्षं तो आवाज टिकला. मग जीभ जड झाली, शब्द घसरायला लागले आणि वर्षभरात आवाज पार गेला. नसांचा आजार आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात, पाय, सगळं हळूहळू जाईल, डोकं मात्र शाबूत राहील.

तेव्हापासून ते टॅबवर बोलत. एका हातानं टॅब उभा धरून दुसऱ्याच्या एका बोटानं अक्षरं दाबायची, की टॅबमधली बाई सपाट आवाजात वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं, "अगं, चहात साखर विसरलीस." नवरा-बायको दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पण बोटं ढिली पडत चालली होती. टॅब मांडीवरून दोनदा खाली पडला. दुसऱ्या वेळी काचेला चीर गेली आणि दोन तास तो चालूच होईना. ते दोन तास ते बायकोच्या तोंडाकडे नुसते बघत बसले होते.

ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कव्हरांचं दुकान गाठलं. दुकानदारीणबाईंनी दोन कव्हरं समोर ठेवली. एक पातळ, वहीच्या पुठ्ठ्यासारखं. दुसरं जाड रबराचं, कोपरे फुगलेले. बाईंनी त्यात एक टॅब बसवला, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडून दिला आणि उचलून दाखवला. ओरखडासुद्धा नव्हता.

"पण जड आहे हं," बाई म्हणाल्या. "वापरणार कोण?"

"आमचे हे. आजारी असतात."

"मग त्यांना हातात धरून बघू दे ना आधी. दोन्ही घेऊन जा, नको असेल ते परत आणा."

"नको. हे जाडच द्या."

संध्याकाळी तिनं टॅब कव्हरात घालून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ लावून दोन शब्द लिहिले. "मजबूत आहे," टॅबमधली बाई म्हणाली.

त्यानंतर ते बोलेनासे झाले. दमले असतील, असं तिला पहिले दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, रुसलेत. सकाळी अंघोळ घालताना ती त्यांच्यावर खेकसली होती. "नसेल बोलायचं तर नका बोलू," असं म्हणून ती कामावर निघून गेली. खरं सांगायचं तर त्या गप्प संध्याकाळी तिला बऱ्या वाटायला लागल्या होत्या. त्यांना धुवायचं, भरवायचं, वर आठ तास मान मोडून काम. कुणी काही मागत नव्हतं, तेवढीच विश्रांती.

अकराव्या दिवशी दुकानातली वीज गेली म्हणून ती दुपारीच घरी आली. दार उघडलं तर टॅब त्यांच्या मांडीवर पालथा पडला होता. दोन्ही मनगटं रबराच्या कडेखाली घालून ते तो उलटा करू बघत होते. बोटभर वर यायचा, पुन्हा खाली जायचा. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं.

"अहो! जड होतंय का? मग सांगितलं का नाही?" ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

रबर निघता निघेना. शेवटी तिनं कात्रीनं ते उभं कापलं आणि नुसता टॅब त्यांच्या हातात दिला. "आता बोला. काय वाटेल ते बोला. शिव्या द्या मला."

त्यांचं बोट काचेवर टेकलं आणि तसंच राहिलं. दाबता येईना. तिनं ते बोट धरून फिरवलं. "हे अक्षर? की हे?" कुठंतरी दाबलं गेलं. "क क क क क," टॅबमधली बाई वाचत सुटली. तिनं टॅब बंद केला.

"कव्हराचा काही दोष नाही," संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोटं जाणारच होती."

"पण कधी गेली?"

"नेमकं नाही सांगता येणार. आठवडा झाला असेल, नाहीतर दोन-तीन दिवस."

म्हणजे आठवडा धरला तरी आधीचे चार दिवस त्यांच्यापाशी शब्द होते. टॅब तेवढा उचलत नव्हता.

आता डोळ्यांनी बोलायचं ठरलं. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. घरी आल्यावर ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"त्या दिवसांत काही सांगायचं होतं का मला?"

त्यांनी डोळे एकदा मिटले. ती थांबून राहिली. पुन्हा मिटले नाहीत.

"बाजारातल्या कुणाबद्दल? औषधाचं काही? माझ्याबद्दल?"

डोळे मिटले, उघडले. बऱ्याच वेळानं पुन्हा मिटले. ते 'नाही' होतं की नुसती पापणी लवली, तिला कळेना.

"माझा राग आला होता का? अहो, बघा ना इकडे. आला होता का?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, आणि ते उघडायची वाट बघत ती तशीच बसून राहिली. ते दमून झोपले होते.